हाळी पुढे द्यायची असते

कोलशेत, ठाणे
रविवार, ५ जानेवारी २०२५

लुर्दस,

'प्रिय' लिहू की नको या विचारात दोन कागद फाडले, शेवटी नुसतं नाव लिहिलं. मी दर्शना. दगडू मुकादमाची. आता साठीची, निवृत्त मास्तरीण, गुडघ्याने अधू आणि तोंडाने पूर्वीसारखीच.

तुझ्या फियोनाला आमच्या मयूरने फेसबुकवर शोधलं. पत्ता दिला तिने, पण फोन नंबर मागितला तर म्हणाली, "मम्मी ओरडेल." म्हणून हे पत्र. कोलशेतहून डोंबिवली ती काय लांब? पण टपालखात्याला चार दिवस लागतात म्हणे. आपल्याला पंचेचाळीस वर्षं लागली, तेव्हा त्यांना नावं ठेवायला नकोत.

अगं, आपला 'आगरवाट' सिनेमा पुन्हा बनतोय! मला हे कळलं तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून गच्चीत पळाले आणि दूध सगळं ओट्यावर. करिश्मा नावाची मुलगी बनवतेय, कल्याणची, तिशीची. जुन्या मिठागरातल्या बायका शोधत ती कोलशेतला आली. इथे मिठागर कुठलं आता? जिथे आपण मीठ ओढायचो तिथे बावीस मजले उभे आहेत. लोकांनी तिला माझ्याकडे पाठवलं. चहा तिने दोनदा घेतला आणि प्रश्न विचारले दोनशे. टोपली कशी उचलायची, पायाला काय लावायचं, भरतीची वेळ कशी कळायची. मी उठून करून दाखवलं, गुडघ्याला विचारलंसुद्धा नाही.

आणि मग तिने बॅगेतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. 'आगरवाटला हात लावू नका. जुन्या चित्रपटाचा पुन्हा चित्रपट करणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसवणं. लुर्दस, डोंबिवली. (त्या चित्रपटातली मुलगी.)'

पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. ती म्हणाली, "ज्यांचा चेहरा सगळ्यांना आठवतो त्याच नको म्हणत असतील तर मी नाही करणार, मावशी. बाकी कोणी काही बोलू दे, मला फरक नाही पडत. पण त्यांच्या मनाविरुद्ध नाही."

म्हणजे सगळं तुझ्यावर आहे. माझं ऐक, हो म्हण. तुझ्या त्या हाळीच्या प्रसंगावर अजून लोक लेख लिहितात. बांध फुटलाय, भरती आत आलीय, चौदा वर्षांची तू बांधावर उभी, बापाला तीन वेळा हाळी देतेस आणि कोणी उत्तर देत नाही. ते पुन्हा मोठ्या पडद्यावर! आपण दोघी पुढच्या रांगेत बसू. वडे मी आणीन.

आवाजाचं जे झालं ते झालं. दिग्दर्शक साहेबांनी ठरवलं, ते आता कुठे आहेत बोलायला.

तुझी
दर्शना


कोलशेत
सोमवार, १३ जानेवारी

लुर्दस,

उत्तर नाही. ठीक आहे, मास्तरणीला गप्प वर्गाची सवय असते.

काल कल्याणला गेले होते. तिथल्या एका फिल्म सोसायटीने चर्चा ठेवली होती, 'अभिजात चित्रपटांना पुन्हा हात लावावा का?' करिश्माला बोलावलं होतं, मी शेपूट म्हणून गेले. शंभरेक माणसं, त्यातली निम्मी माझ्या वयाची, सगळी रागावलेली. आपल्या तारुण्याला कोणी रंग देतंय अशा रागाने आले होते सगळे.

मुख्य वक्ते मुकुल सर. कॉलेजात सिनेमा शिकवतात. ते तुझ्या हाळीवर पाऊण तास बोलले. म्हणाले, 'आगरवाट'मधली अनुत्तरित हाळी हे माणसाच्या एकटेपणाचं आपल्या पडद्यावरचं सर्वोच्च रूप आहे. म्हणाले, तो आवाज त्या चेहऱ्याचा वाटत नाही. देहापासून तुटलेला वाटतो, ही दिग्दर्शकाची प्रतिभा. मी खुर्चीत खाली खाली सरकत गेले. प्रतिभा कसली डोंबलाची! चेहरा तुझा आणि गळा माझा, तर तुटलेला नाही वाटणार तर काय?

पण ते नाही बोलले. दुसरं बोलले. हात वर केला आणि म्हटलं, "सर, आमच्या आगरात असं होत नाही. हाळी आली की ज्याच्या कानावर पडली त्याने ती पुढे द्यायची. या बांधावरून त्या बांधावर, तिथून पुढे, जिच्यासाठी आहे तिच्यापर्यंत. ऐकून गप्प राहिलं तर बायका बोलणं सोडायच्या. पोरीला तीन वेळा हाळी द्यावी लागणं शक्यच नाही. दुसऱ्याच वेळी चार बायांनी उचलली असती."

तुला आठवतं ना, माझी आय, बायजा, शूटिंगच्या दिवशी साहेबांशी भांडली होती? तू बांधावर, मागून आपल्या आया टोपल्या घेऊन चालल्या होत्या. आयने टोपली खाली टाकली. "पोर आरडतंय न आमी गप चालाचा? आमचे आगरान असा होत नाय." साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त चाला." आय चालली, पण घरी आल्यावर दोन दिवस धुमसत होती. सिनेमावाल्यांनी आपल्याला बहिरं केलं, म्हणाली.

मुकुल सर गोड हसले. "ते वास्तव आहे बाई, ही कला आहे."

एक आजोबा उठले, "ताजमहाल पुन्हा बांधणार का?" टाळ्या. करिश्मा घाबरली असेल असं मला वाटलं, पण ती माइकजवळ गेली आणि म्हणाली, "काका, ताजमहाल नाही बांधत कोणी. पण गणपती दरवर्षी नवा घडवतो आपण. म्हणून गेल्या वर्षीचा खोटा होता का? हात तोच, सोंड तीच, पण या वर्षीची माती या वर्षीची." मग मागून कोणी तरी मोठ्याने "मोरया" म्हणालं आणि सगळे हसले, आजोबासुद्धा. मी तर उभी राहून टाळ्या वाजवल्या. तुमच्याकडेही नाताळचा गोठा दरवर्षी नवाच मांडतात ना गं?

आणि तिला काय करायचंय माहितीय? आयचं म्हणणं! नवीन सिनेमात मुलगी हाळी देते आणि बायका ती उचलतात. एकीकडून दुसरीकडे, पूर्ण मिठागरभर. मला हे सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. आज आय हवी होती.

हो म्हण ना लुर्दस.

दर्शना


कोलशेत
रविवार, २६ जानेवारी

लुर्दस,

'मला पुन्हा लिहू नकोस' हे सांगायला का होईना, लिहिलंस! तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. तुझं पोस्टकार्ड मी पाठ केलंय. 'त्या चित्रपटात माझी आई डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून जाते. अकरा सेकंद. तिचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. नवीन आला की जुना कोणी लावणार नाही. आणि आवाज तेव्हाही माझा नव्हता. मला पुन्हा लिहू नकोस.'

मी तुला भित्री, हट्टी, काय काय समजत होते. माफ कर. त्या अकरा सेकंदांचं मला सुचलंच नाही. मयूरला बसवलं आणि तो भाग पुन्हा पुन्हा लावला. तुझी आई कॅमेऱ्यासमोरून जाताना एकदा तुझ्याकडे बघते. साहेबांनी बघू नका म्हणून बजावलं होतं, तरी बघते.

मी तडक करिश्माला फोन केला. ऐक आता, नीट बसून ऐक. जुन्या सिनेमाची प्रत ते साफ करून घेताहेत. ओरखडे काढून, आवाज स्वच्छ करून. नवीन ज्या आठवड्यात लागेल त्याच आठवड्यात जुनासुद्धा थिएटरात लागणार, आधी जुना मग नवा. हे तिने आधीच ठरवलं होतं, सांगायचं राहिलं होतं. म्हणजे तुझी आई पुन्हा पडद्यावर, पहिल्यापेक्षा लख्ख! रिमेक झाला नाही तर ती प्रत कुठल्या तरी डब्यात पडून राहील आणि कुजेल. लुर्दस, आईला वाचवायचं तर हो म्हणावं लागेल तुला. मी शिक्षिका आहे, मला मुद्दा मांडता येतो हे कबूल कर.

आणि अजून एक. करिश्माने जुनी हाळी साफ केलेली ऐकली आणि तिला ती इतकी आवडली की ती म्हणते, नवीन मुलीच्या तोंडी तोच मूळ आवाज घालू. माझा आवाज, लुर्दस! चौदाव्या वर्षीचा! तिने मला फोनवर ऐकवला, मी पदराने डोळे पुसत बसले. मयूर म्हणाला, "आई, तू सेलिब्रिटी झालीस."

हे तुला सांगावं की नाही, कळत नव्हतं. पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

दर्शना


कोलशेत
रविवार, २ मार्च

लुर्दस,

हे वाचलंस की माझं गेलं पत्र आठवून तू हसशील. 'तुझ्यापासून काही लपवायचं नाही' म्हणे.

महिनाभर लिहिलं नाही. काल भाईंदरकडच्या मिठागरात सराव होता. तिथे अजून पांढरे ढीग दिसतात, पाय ठेवला आणि तळव्याला ओळख पटली. करिश्माने नवीन मुलगी आणली होती. म्हात्र्यांची पोर, तेरा वर्षांची, काटकुळी, दातांना तारा. मी तिला शिकवायला लागले. हाळी समोर तोंड करून द्यायची नाही, वाऱ्याला देऊन टाकायची, मान किंचित वळवून. दोनदा तिची चुकली. तिसऱ्यांदा तिने अशी हाळी दिली की पलीकडे काम करणाऱ्या बाईने मान वर केली. मी आनंदाने ओरडले. तिथल्या तिथे नाचले म्हटलंस तरी चालेल.

मग करिश्माने तिला सांगितलं, पडद्यावर आवाज मात्र जुना असणार, दर्शना मावशींचा. पोर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग मी फक्त तोंड हलवायचं?"

एवढंच. रागावली नाही, रडली नाही. तारांच्या दातांनी ओठ चावत उभी राहिली. ती तशी उभी असताना मला तू दिसलीस, ठाण्याच्या थिएटरात, १९८० साली. अंधारात आपण हात धरून बसलो होतो. पडद्यावर तू तोंड उघडलंस आणि माझा आवाज आला. तू माझा हात सोडलास. मध्यंतरात विचारलंस, "असं का केलं त्यांनी?" आणि मी म्हणाले, "साहेबांना तुझा आवाज नको होता. तुझी बोली चालत नाही म्हणाले. मलाच बोलावलं."

ते खोटं होतं.

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

शूटिंग संपल्यावर एका सोमवारी सिनेमा कंपनीचा माणूस निरोप घेऊन आला होता. मुकादम म्हणून बाबांकडे आला. 'लुर्दसला गुरुवारी सकाळी नाक्यावर उभी करा, गाडी येईल, आवाज भरायचाय.' तू उत्तनला मावशीकडे फेस्ताच्या जत्रेला गेली होतीस. बाबा मला म्हणाले, ती आली की सांग. बुधवारी संध्याकाळी तू आलीस. विहिरीपाशी भेटलीस. जत्रेतून माझ्यासाठी लाल रिबिनी आणल्या होत्यास. मी रिबिनी घेतल्या आणि निरोप दिला नाही.

गुरुवारी त्याच रिबिनी घालून मी नाक्यावर उभी राहिले. गाडीवाल्याने तुला कधी पाहिलं नव्हतं. स्टुडिओत साहेबांनी विचारलं, ती कुठे? मी म्हणाले, "तिचा घसा बसलाय. तिची हाळी मला येते." साहेब म्हणाले, मग थांबू या, दोन-चार दिवसांनी तिलाच आणू. कळलं का लुर्दस? साहेबांना तुझाच आवाज हवा होता. मी म्हणाले, पंधरा दिवस तरी बरा होणार नाही. त्यांची घाई होती. मी उभी राहिले आणि हाळी दिली.

का केलं? चेहरा तुझा घेतला होता म्हणून. मी तुझ्याहून मोठ्याने ओरडायचे, माझी जास्त लांब जायची, तरी तुलाच निवडलं होतं. बस, इतकंच आहे. यापेक्षा मोठं कारण शोधलं पंचेचाळीस वर्षं, सापडलं नाही.

त्यानंतर तू तुमच्या देवळात, चर्चमध्ये, गायचं थांबवलंस. तुझी आई माझ्या आयला म्हणाली होती, पोर तोंडच उघडत नाय. मी चुलीशी बसून ऐकत होते. तेव्हाही गप्प बसले. मुकुल सरांना आगराचा नियम शिकवायला निघालेली मी. आपल्या गावात हाळी ऐकून गप्प राहणारी एकच पोरगी होती, आणि ती मी होते.

करिश्माला मी कालच सगळं सांगितलं. माझा आवाज वापरायचा नाही, पोरीचाच वापर, असं सांगितलं. तिने ऐकलं. सिनेमा व्हावा असं मला अजूनही वाटतं, जिवापाड वाटतं. पण त्यासाठी आता तुला गळ घालायला माझ्याकडे तोंड नाही. साहेबांना तुझाच आवाज हवा होता एवढं तुला कळलं, म्हणजे माझं काम झालं. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा, पण निरोप पोचवला.

दर्शना


डोंबिवली, एमआयडीसी निवासी विभाग
रविवार, ९ मार्च

दर्शना,

ईस्टरआधीचे आमचे उपासाचे दिवस सुरू झाले आणि त्याच बुधवारी तुझं पत्र आलं. माझ्या मुलाने, पर्सीने, मोठ्याने वाचून दाखवलं, माझा चष्मा सापडत नव्हता. अर्ध्यावर तो थांबला. मी म्हटलं वाच. मग मी पत्र घेऊन खोलीत गेले आणि आतून कडी लावली. फियोना घाबरून ऑफिसातून लवकर आली.

मला वाटायचं माझ्या आवाजात खोट आहे. मुलांना अंगाईसुद्धा हळू म्हटली, शेजारी ऐकतील म्हणून. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. माफ केलं असं मी आज लिहिणार नाही. खोटं लिहायची माझी सवय नाही.

करिश्माला फोन करून सांगितलं, कर सिनेमा. मेलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसवू नये असं मी म्हणाले होते. पण ज्या बायकांना गप्प बसवलं त्या बोलणार असतील तर वेगळी गोष्ट आहे. तुझी आय बरोबर बोलत होती. माझी आईसुद्धा त्या दिवशी वळून बघत होती, उत्तर देऊ का म्हणून. त्या अकरा सेकंदांत तेच बघतेय ती. मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, तुझ्या पत्राने कळलं.

त्या मुलीची हाळी जी बाई पहिल्यांदा उचलते, तिचा आवाज मी देणार. करिश्मा किंचाळली फोनवर. ईस्टर होऊन जाऊ दे. गुरुवार, २४ एप्रिल ठरलाय. वार मी मागून घेतला.

तू ये. पण आत यायचं नाही. बाहेर बसायचं.

लुर्दस


टेंभी नाक्याजवळचा स्टुडिओ, बाहेरचा बाक
गुरुवार, २४ एप्रिल

लुर्दस,

तू आत आहेस आणि मी बाकावर बसून हे लिहितेय. दाराच्या वर लाल दिवा लागलाय. तू समोरून आलीस, निळी साडी, केस सगळे पांढरे, आणि माझ्याकडे फक्त मान हलवून आत गेलीस. मी उठायला लागले तर बोट दाखवलंस, बस. बसले.

मला वाटलं होतं, निदान ऐकू येईल. काहीच येत नाही, लुर्दस. दार इतकं जाड आहे की आत कोणी जीव तोडून ओरडलं तरी बाहेर पंख्याचा आवाज फक्त. त्या गुरुवारी तू गावात होतीस, बहुतेक कपडे धूत असशील, आणि तुला काही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे हे असं असतं. बरं केलंस मला बाहेर बसवलंस.

आत म्हात्र्यांची पोरसुद्धा आहे. तिने तिची हाळी सकाळीच भरली, स्वतःच्या आवाजात, पुन्हा आत जाताना मला अंगठा दाखवून गेली. आता तू ती उचलत असशील. परीक्षेच्या निकालाला मी इतकी घाबरले नव्हते.

लाल दिवा गेला.


संध्याकाळ, घरी

पुढचं तुला माहीतच आहे. तरी लिहिते, कागदावर राहू दे.

दार उघडलं. आधी करिश्मा आली, डोळे सुजलेले, मला म्हणाली, "मावशी, एकाच टेकमध्ये! मग त्याच म्हणाल्या अजून करू. नऊ वेळा केलं. थांबतच नव्हत्या." मग तू आलीस. बाकावर माझ्या शेजारी बसलीस. माझी पाण्याची बाटली घेतलीस, न विचारता, आणि अर्धी संपवलीस. तोंडातून आवाज निघेना तुझ्या. खरखरत, कुजबुजत म्हणालीस,

"दर्शने, दहावी हाळी नाय होवाची. आत जाऊन सांग त्यांना, माझा घसा बसलाय."

आणि हसायला लागलीस. मी रडत होते आणि तू हसत होतीस, घशातून नुसती हवा येत होती.

मी उठले, आत गेले आणि सगळ्यांपर्यंत तुझा निरोप पोचवला.

दर्शना